गेमचा पास आणि रविवारचा खाडा

महिना भरला की सगळं फुकट, असं आमचे हे पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी कणीक मळत होते. मी म्हटलं, "महिना भरला म्हणता आणि फुकटही म्हणता, ह्यातलं एक काहीतरी ठेवा." ते हसले. मग माझ्यासमोर पाट ओढून बसले आणि मला समजवायला लागले. परदेशात म्हणे एक मोठी कंपनी आहे. ती गेम सुटे विकत बसत नाही, महिन्याच्या पासावर देते. पास काढला की शेकडो गेम उघडे. आणि आता तर त्यांनी कमालच केली होती. जो गेम बाजारात काही हजारांना मिळतो तोच, नवाकोरा, निघाला त्याच दिवशी, त्याच पासात.

"त्याच पैशात?" मी विचारलं.

"त्याच पैशात."

"मग कंपनीला परवडतं कसं?"

"ते त्यांचं ते बघतील," हे म्हणाले आणि उठले. मी कणकेला तेलाचा हात लावला. त्यांचं ते बघतील म्हणून आजवर ह्या घरात जे जे आलं, ते शेवटी मलाच बघावं लागलंय. वॉशिंग मशीनसुद्धा.

आता आधी आमच्या मेसबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तलासरीत हायवे सोडून जरा आत आलं की आमचा लांबट हॉल आहे, मागे स्वयंपाकघर, वर पत्रे. बदलीवर आलेले शिक्षक, तहसील कचेरीतले कारकून, दवाखान्यातला स्टाफ आणि सीमेपलीकडे गुजरातेत कंपन्यांत जाणारी पोरं, असे सगळे महिन्याच्या बोलीवर जेवतात. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांतून "काकू, भात" एवढं मला ऐकू येतं. आमचे हेसुद्धा पलीकडच्या एका कंपनीतच होते. कंपनीनं माणसं कमी केली, हातावर काही रक्कम ठेवली आणि नमस्कार केला. तेव्हापासून घर चाललं ते ह्या मेसवर. मुलगी नाशिकला नर्सिंगला आहे, तिची फीसुद्धा ह्याच वरणभातातून जाते. म्हणून मला दुसरं काही नको असतं. मेस बुडू नये, बास.

आणि मेस काय चीज आहे ते बाहेरच्याला कळत नाही. लोकांना वाटतं मेस जेवणाऱ्यांवर चालते. मेस चालते ती न जेवणाऱ्यांवर. पैसे भरून जो माणूस दुधीच्या दिवशी बाहेर वडापाव खाऊन येतो, त्याच्या जिवावर मी बाकीच्यांना दुसरी वाटी वाढते. पण आपली माणसं काय कमी आहेत? त्यांनी त्यावर खाडा शोधून काढलाय. जेवायला येणार नसलात तर आदल्या संध्याकाळी सांगायचं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करणार आणि महिनाअखेरीला तेवढे पैसे वजा. न सांगता गेलात तर खाडा नाही. हा नियम मी केलेला नाही, जगातल्या प्रत्येक मेसमध्ये तो आहे आणि ह्या नियमावरून जेवढी भांडणं होतात तेवढी जमिनीवरूनसुद्धा होत नसतील. गणपतीला गावी गेलेला कारकून वाटेत चारोटी नाक्यावरून फोन करून सांगतो, "काकू, आजपासून खाडा धरा बरं का." घरच्यांना पोचल्याचं कळवायच्या आधी मला.

फक्त रविवारी मी खाडा धरत नाही, आणि कुणी मागतही नाही. कारण रविवारी मटण. ज्याला शनिवारी गावाला जायचं असतं तो रविवारचं जेवण उरकून दुपारच्या एसटीनं जातो. एकदा एकाला ताप होता, दवाखान्यातल्याच स्टाफपैकी होता, तोसुद्धा शाल पांघरून आला आणि दोनदा रस्सा मागून घेतला. त्या एका दिवसात माझा आठवड्याचा नफा चुलीत जातो. पण मटण बंद केलं तर सोमवारपासून दुधी खायला कुणी येणार नाही, हेही मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा त्या परदेशातल्या कंपनीचं डोकं कसं चालतं ते मला काही फार वेगळं वाटलं नाही. त्यांचा नवा गेम म्हणजे मटण, बाकीचे शेकडो गेम म्हणजे दुधी.

आमच्याकडे एक गुरुजी जेवायचे. घाटावरचे, बायकोमुलं गावाकडे, इथे शाळेत नोकरी आणि मागच्या गल्लीत एक खोली. गळ्यात माळ, म्हणजे मटणाचा प्रश्नच नाही. पैसे मात्र मटणवाल्यांएवढेच भरायचे. मी सुरुवातीला म्हटलं होतं, "गुरुजी, तुमचं थोडं कमी घेते." ते म्हणाले, "असू दे वहिनी, हिशेब वाढवू नका." वर खाडा कधी नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावी जायचे तरी पूर्ण महिना. मग मीच त्यांच्यासाठी रविवारी वेगळं काहीतरी करायचे. लहान कढईत मेथी, नाहीतर वालाचं बिरडं, कधी वांगं. वाणगावच्या बाजूची एक बाई पाटीतून भाजी घेऊन येते, तिच्याकडून शनिवारीच एक जुडी गुरुजींची म्हणून बाजूला ठेवायची. मटणाच्या वासात ते कोपऱ्यातल्या बाकावर बसून शांतपणे मेथी-भाकरी खायचे, आणि जाताना दारात थांबून म्हणायचे, "छान होती." एवढंच.

तर आमच्या ह्यांनी कंपनीनं सोडताना दिलेल्या त्या पैशातून दोन मोठे टीव्ही आणले, गेमची दोन यंत्रं आणली आणि वापीच्या जुन्या बाजारातून दोन सोफे. हॉलच्या पुढच्या भागात प्लायवूडचा पडदा मारला. अलीकडे गेम, पलीकडे मेस. त्याला ते गेमिंग झोन म्हणायचे. मी त्याला पुढची खोली म्हणायचे, कारण आधी ती माझ्या ताटांची जागा होती.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला ते बरं चाललं. तासाला पैसे. नवा गेम निघाला की हे तो विकत आणायचे, भारी किंमत मोजून, आणि पहिले काही आठवडे तासाचा दर दुप्पट लावायचे. कंपनीतली पोरं पगाराच्या दिवशी रांग लावायची. नव्याचे नऊ दिवस असतात, हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होतं. त्या नऊ दिवसांत आमचे हे गेमची किंमत वसूल करायचे आणि नंतर दर खाली आणायचे. सरळ धंदा. मासळीबाजारातसुद्धा असंच चालतं. सकाळचं पापलेट आणि दुपारचं पापलेट एका भावात डहाणूत कुणी विकतं का?

मग तो पास आला. ह्यांनी पास घेतला, कारण गेम विकत घ्यायचे पैसे वाचणार होते. तिथेच थांबले असते तर मी आज हे सांगत बसले नसते. पण नाही. माणसाला स्वस्तात काही मिळालं की त्याला वाटतं आता मी उदार व्हावं. ह्यांनी दारावर बोर्ड लावला. महिन्याचा पास, कितीही खेळा, नवा गेम पहिल्या दिवसापासून. तासाचा दरही होता खाली, बारीक अक्षरात.

"दुप्पट दर देणारी पोरं आहेत, त्यांना तुम्ही पास देताय," मी म्हटलं.

"अगं, पास असला की नवी माणसं येतील."

"कुठून? डोंगरातून?"

नवी माणसं आली नाहीत. तीच आली. जी पोरं नव्या गेमसाठी दुप्पट मोजायची त्यांनीच सगळ्यात आधी पास काढले. मी त्यांच्या जागी असते तर मीही काढला असता. आणि एकदा पास खिशात आला की माणूस उठतो कशाला? सोफ्यावर ठिय्या. तासाला पैसे देणारा एखादा बाहेरून आला तर जागाच नाही. हे म्हणायचे, "अरे, जरा त्याला बसू द्या." त्यावर एक गुजराती पोरगा टीव्हीवरून नजर न काढता म्हणायचा, "पास छे ने, काका." त्या एका वाक्यापुढे आमच्या ह्यांचं काही चालायचं नाही. खरंच होतं त्याचं, पास होता.

ह्यांना मात्र गर्दी दिसत होती. मला सांगायचे, "बघ, जागा नाही बसायला." मी म्हणायचे, "अहो, जत्रेत पण जागा नसते बसायला, पण पाळणेवाला प्रत्येक फेरीचे पैसे घेतो." ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा आत जाऊन गर्दी बघून यायचे. त्या गर्दीकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ना, ते कंपनी सुटल्यापासून मी बघितलं नव्हतं. म्हणून मी जास्त बोलले नाही. मला माझ्या नवऱ्याचा राग येतो तेवढीच माया पण येते, त्याला मी काय करू.

पहिला महिना संपला आणि खरी गंमत सुरू झाली. एक कारकून, मेसमध्येही जेवणारा आणि पासही काढलेला, ह्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, मधे मी जनगणनेच्या ट्रेनिंगला होतो. तेवढे दिवस खेळलो नाही. खाडा धरा."

आणि आमच्या ह्यांनी धरला.

मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि झारा तसाच हातात घेऊन बाहेर आले. म्हटलं, "अहो, गेमला कसला खाडा?" हे म्हणाले, "मेसला धरतो आपण, मग इथे का नाही? एकाच हॉलमध्ये दोन न्याय कसे?" मी झारा घेऊन परत आत गेले. त्या परदेशातल्या कंपनीत मोठमोठी शिकलेली माणसं असतील, त्यांनी सगळं गणित मांडलं असेल, पण त्यांच्या गणितात खाडा नसणार हे मी पैजेवर सांगते. त्यांचा धंदाच मुळी पैसे भरून विसरून जाणाऱ्या माणसांवर. महिन्याला आपोआप पैसे कापले जातात, माणूस महिना महिना यंत्राला हात लावत नाही आणि तरीही पैसे देत राहतो. असा माणूस तलासरीत आणून दाखवा. इथे पोरं नवा गेम आला की चार दिवस रात्रंदिवस बसायची, गेम संपवायची आणि उरलेल्या सगळ्या दिवसांचा खाडा लावायची. आदल्या संध्याकाळी सांगून. नियमाप्रमाणे.

म्हणजे आमच्या ह्यांनी जगात कुणी केली नसेल अशी योजना काढली होती. मटण आहे, कितीही खा, आणि ज्या दिवशी दुधी असेल त्या दिवसाचे पैसे परत.

त्यातच कंपनीनं आपला खरा रंग दाखवला. आधी पासाचे पैसे वाढवले. मग एक दिवस कळलं की साध्या पासात आता नवा मोठा गेम पहिल्या दिवशी मिळणार नाही. तो हवा असेल तर वरचा पास घ्या, भारीतला. साध्या पासात जुने गेम खेळा आणि थांबा. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. ह्यांना मनापासून धक्का बसला. "असं कसं करतील? पहिल्या दिवसापासून म्हणाले होते." मी म्हटलं, "तुम्हीच म्हणाला होतात, त्यांचं ते बघतील. बघितलं त्यांनी." बोलले खरी, पण मग ते जेवले नाहीत नीट, आणि मला वाटलं, कशाला बोलले.

दारावरच्या बोर्डवर आमच्या ह्यांनीही पहिल्या दिवसापासून असंच लिहिलं होतं. शब्द दिला होता. आता वरचा पास घ्यायला हवा, आणि त्याचे पैसे पोरांकडून मागितले तर पोरं बोर्डकडे बोट दाखवणार. दोन दिवस हे पत्र्याकडे बघत पडून राहिले. तिसऱ्या दिवशी उठले आणि मला म्हणाले, "मी काढलंय उत्तर. मेस आणि गेम एकच करू."

मला वाटलं प्लायवूड काढणार. कप्पाळ माझं. त्यांचं म्हणणं असं, की मेसचे सगळे सभासद आणि गेमचे सगळे सभासद एका पासात घ्यायचे. जेवण, गेम, रविवारचं मटण, नवा गेम, सगळं आत. मेसच्या दरात थोडी वाढ करायची. "थोडी," ते म्हणाले. "माणूस जास्त, त्यामुळे प्रत्येकाला किती पडणार? कळणारसुद्धा नाही कुणाला."

मी नाही म्हणायला हवं होतं की नव्हतं, ह्यावर माझं आणि माझ्या बहिणीचं अजून एकमत नाही. त्या महिन्यात मुलीची फी भरायची होती आणि ह्यांनी सगळ्यांकडून महिन्याचे पैसे आधी घ्यायचं ठरवलं होतं. पैशांचा डबा भरलेला दिसत होता. डबा भरलेला दिसला की माझीही अक्कल जरा बाजूला बसते. मी हो म्हटलं.

दर वाढल्याचं सांगितलं तेव्हा काय काय झालं म्हणून सांगू. एकानं विचारलं, मला गेम खेळायला येत नाही, तर माझ्या वाटणीचा माझा भाचा खेळला तर चालेल का. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, गेमच्याऐवजी दही द्या. दोघा कारकुनांनी तिथल्या तिथे गेमचा कायमचा खाडा मागितला. गुरुजींना ह्यांनी सांगितलं तेव्हा ते हात पुसत होते. "बरं," ते म्हणाले. खिशातून पैसे काढून दिले आणि गेले. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, असे सभासद पाहिजेत."

आणि मग काटकसर सुरू झाली, कारण वरच्या पासाचे पैसे कुठून तरी यायलाच हवे होते. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. मधल्या दिवसांतला पापड गेला. ताक पातळ झालं, आधीच ते फार घट्ट नव्हतं. हे स्वयंपाकघरात येऊन बघायला लागले, कुठे काय जास्तीचं चाललंय. एका रविवारी त्यांना गॅसवर लहान कढई दिसली.

"ही कुणाची?"

"गुरुजींची."

"एका माणसासाठी वेगळी भाजी? वेगळा गॅस?" ते म्हणाले. "डाळ आहे ना. भात आहे. भाकरी आहे. मांसाहार नसणाऱ्याला आणखी काय लागतं?"

खरं तर मला त्यांना तिथेच झाऱ्यानं वाजवायला हवं होतं. पण त्या रविवारी मेसचे, गेमचे आणि कुणाकुणाचे भाचे, असे सगळे मिळून मटणावर तुटून पडले होते. गेमवाली पोरं ताट घेऊन सोफ्यावर बसायची, रस्सा सोफ्यावर, हाडं प्लायवूडच्या मागे. मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मी मेथीची जुडी बाजूला ठेवली ती तशीच राहिली. पुढच्या शनिवारी भाजीवाल्या बाईनं विचारलं, "गुरुजींची जुडी?" मी म्हटलं, "आज नको गं." त्याच्या पुढच्या शनिवारी तिनं विचारलं नाही.

गुरुजी रविवारी येत होते. कोपऱ्यातल्या बाकावर बसत होते. प्लायवूडच्या पलीकडून गेममधल्या गोळ्यांचे आवाज, पोरांचं "मार, मार", आणि गुरुजी डाळ-भात खाताहेत. जाताना दारात थांबत होते की नव्हते, ते मला आता आठवत नाही. मी बघितलंच नाही.

तो महिना संपला आणि गुरुजी यायचे थांबले. बाकीचे सोडून जायचे तेव्हा कसं जायचे? खाड्याचा हिशेब घालून, दोन शब्द सुनावून, दुसऱ्या मेसमध्ये कसं चांगलं ताक मिळतं ते सांगून. गुरुजींनी काहीच केलं नाही. मला आधी वाटलं गावी गेले असतील. पण गावी गेले तरी ते महिना भरून जायचे, आणि ह्या वेळी भरला नव्हता. मग भाजीवालीनंच सांगितलं, गुरुजी तिच्याकडून स्वतःसाठी भाजी नेतात, छोटी शेगडी आणलीय म्हणे.

हे म्हणाले, "एक गेला तर काय? एका माणसानं काय होतं?"

काय होतं ते पुढच्याच महिन्यात कळलं. गुरुजी गेले, मग त्यांच्यासारख्याच दोन शिक्षिका गेल्या, मग सिस्टर गेल्या. जे गेले ते सगळे पैसे पूर्ण देणारे आणि कमी खाणारे. जे उरले ते मटण दोनदा घेणारे, गेम रात्रंदिवस खेळणारे आणि उरलेल्या दिवसांचा खाडा लावणारे. सभासद बघायला गेलं तर अजून बरेच होते. हॉल भरलेला दिसायचा. पण बाजारात मटणवाल्यासमोर उभी राहिले की पर्समध्ये हात घालायला भीती वाटायची. मुलीचा फोन आला, पुढचा हप्ता विचारायला, आणि मी पहिल्यांदा तिला म्हटलं, "बघते." ती "बरं" म्हणाली. ते "बरं" मला अजून ऐकू येतं.

इतकी वर्षं मला वाटायचं की मी मटणावर मेस चालवते. अहो, मटण गुरुजी खाऊ घालत होते सगळ्यांना. स्वतः न खाता, माळ घालून. आणि आम्ही त्यांच्याकडून गेमचे पैसे घेऊन त्यांची मेथी बंद केली. ह्याला काय म्हणावं? मला इतका संताप आला, ह्यांचा आला, त्या कंपनीचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या गर्दीचा आला. गर्दीकडे बघत बसलो आम्ही दोघं.

एका दुपारी सगळं आवरल्यावर मी गुरुजींच्या खोलीवर गेले. डब्यात मेथी घेतली होती. ते जमिनीवर बसून वह्या तपासत होते. शेगडीवर खिचडीचं पातेलं, तळाला करपलेलं, वास येत होता. मला बघून उठले, खुर्ची पुढे केली, चहा ठेवू का विचारलं. मी नको म्हटलं. डबा ठेवला. मला वाटलं होतं की मी पुष्कळ बोलेन, रस्ताभर जुळवत आले होते. तिथे गेल्यावर एवढंच म्हटलं, "गुरुजी, तुमचं काही राहिलंय का आमच्याकडे? हिशेबाचं?"

ते चष्मा पुसायला लागले.

"विचारू का वहिनी," ते म्हणाले, "त्या शेवटच्या महिन्यातल्या रविवारांचा खाडा मिळेल का?"

मी आधी चक्रावले. रविवारी खाडा नाही, हा नियम त्यांना माहीत होता. आणि इतक्या वर्षांत त्यांनी तो शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. मी म्हटलं, "पण गुरुजी, तुम्ही तर रविवारी होतात."

"होतो," ते म्हणाले. "बसलो होतो."

न येणाऱ्यांचे खाडे मी जन्मभर धरले. आलेल्या माणसानं मागितलेला तो पहिला. मला तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी पर्स उघडली आणि पैसे काढून त्यांच्यासमोर धरले. मला वाटलं नको म्हणतील, हिशेब वाढवू नका म्हणतील. पण त्यांनी घेतले. व्यवस्थित घडी करून खिशात ठेवले. त्यांनी ते घेतले म्हणून मला किती बरं वाटलं, ते कुणाला सांगून कळायचं नाही.

मग ते म्हणाले, "उद्यापासून जेवायला धरा मला."

घरी आले तेव्हा हे सोफ्यावर एकटेच बसले होते, टीव्ही बंद. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. ते उठले, दारावरचा बोर्ड काढला, आणि स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "लहान कढई कुठे असते?"

मांडणीवर सगळ्यात मागे गेली होती, तेलकट होऊन. त्यांनी ती काढली आणि स्वतः घासायला घेतली.